हातातले जीपीएस जागा चुकीची दाखवते? आकड्यांआधी सॅटेलाइट पेज वाचा

ट्रेकला, वनखात्याच्या गणनेला किंवा शेताच्या बांधावर वापरतात त्या हातातल्या जीपीएस यंत्रांबद्दल, म्हणजे गार्मिनच्या ईट्रेक्स किंवा जीपीएसमॅप जातीच्या, एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "जागा चुकीची दाखवतंय." या एका वाक्यामागे तीन निरनिराळी दुखणी असतात. उपग्रहांचा सिग्नल पुरेसा पोहोचत नाही, हे पहिले. सिग्नल पोहोचतो, पण कड्यावरून आपटून येतो किंवा आकाशाच्या एकाच कोपऱ्यातून येतो, त्यामुळे गणित बिघडते, हे दुसरे. आणि गणित चोख असते, पण आकडा लिहिण्याची पद्धत किंवा डेटम (अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर बसवलेले असतात तो आधार) जुळत नाही, हे तिसरे. इलाज तिघांचे वेगळे असल्यामुळे आधी दुखणे ओळखायला हवे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे चूक किती आहे आणि ती कशी वागते. जागा दहा-वीस ते पन्नास मीटर इकडेतिकडे उड्या मारत असेल, तर दोष आकाशाकडचा. प्रत्येक ठिकाणी साधारण तेवढ्याच अंतराने आणि त्याच दिशेला, शंभर-सव्वाशे मीटर सरकलेली असेल, तर डेटम. पाचशे मीटर, दोन किलोमीटर, पंचवीस किलोमीटर असा घोळ असेल, तर अंश-मिनिटे लिहिण्यात गफलत आहे. शेवटच्या दोन प्रकारांत उघड्या मैदानावर कितीही वेळ उभे राहिलात तरी काही सुधारत नाही.

सॅटेलाइट पेजवर काय दिसते

यंत्राच्या मेन्यूतले हे पान उपग्रहांची स्थिती दाखवते. त्यावर दोन वर्तुळे असतात. बाहेरचे वर्तुळ म्हणजे क्षितिज, आतले म्हणजे क्षितिजापासून ४५ अंश उंची, आणि मधला बिंदू म्हणजे डोक्यावरचे आकाश. त्यावर विखुरलेले आकडे हे उपग्रहांचे क्रमांक. १ ते ३२ अमेरिकेच्या जीपीएसचे, ३३ ते ६४ दुरुस्ती पाठवणाऱ्या स्थिर उपग्रहांचे, ६५ पासून पुढे रशियाच्या ग्लोनासचे. खाली प्रत्येक क्रमांकाची पट्टी असते आणि पट्टीची उंची म्हणजे सिग्नलची ताकद.

बहुतेक जण पट्ट्या मोजतात आणि इथेच फसतात. पोकळ पट्टी आणि भरलेली पट्टी यांत मोठा फरक आहे. पोकळ पट्टी म्हणजे उपग्रहाचा आवाज कानावर आला, पण तो आत्ता नेमका कुठे आहे हे अजून यंत्राला कळलेले नाही. ती भरली की तो उपग्रह हिशोबात आला. दहा पोकळ पट्ट्या असल्या तरी जागेसाठी त्यांचा उपयोग शून्य.

पट्टी भरायला वेळ का लागतो? प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची आणि घड्याळाची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. एक पूर्ण फेरा ३० सेकंदांचा, आणि त्यातल्या पहिल्या १८ सेकंदांत ही कामाची माहिती असते. त्या १८ सेकंदांत एक फांदी आड आली किंवा यंत्र खिशात गेले, तर हुकलेला तुकडा पुढच्या फेऱ्यात, ३० सेकंदांनी, पुन्हा ऐकावा लागतो. झाडीतून चालत चालत यंत्र सुरू केले की पट्ट्या पंधरा-वीस मिनिटे पोकळच राहतात, त्याचे कारण हे. उपाय साधा आहे: पायथ्याच्या गावात, मोकळ्यावर, यंत्र सुरू करा आणि सगळ्या उंच पट्ट्या भरेपर्यंत दोन-तीन मिनिटे जागेवर थांबा. एकदा मिळालेली ही माहिती साधारण चार तास चालते, त्यामुळे नंतर झाडीत शिरल्यावर सिग्नल तुटला तरी यंत्र लगेच सावरते.

यंत्र कित्येक महिने कपाटात पडून असेल, किंवा शेवटचे दिल्लीत बंद करून थेट सावंतवाडीत सुरू केले असेल, तर गोष्ट लांबते. कुठल्या भागात कोणते उपग्रह शोधायचे याचा ढोबळ आराखडाच जुना झालेला असतो. तो आराखडा उपग्रहांकडून पूर्ण उतरायला १२.५ मिनिटे लागतात. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर ठेवून द्या. दर दोन मिनिटांनी बंद-चालू केलेत तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. मोबाइल काही सेकंदांत जागा सांगतो, कारण त्याला हीच माहिती इंटरनेटवरून मिळते. साध्या हातातल्या यंत्राला ती आकाशातूनच घ्यावी लागते.

आणखी एक नेहमीची फसगत. घरात, पंख्याखाली बसूनही यंत्र छान जागा दाखवते, सगळ्या पट्ट्या उंच, पण बाहेर गेल्यावर तीच जागा हलत नाही. सेटिंगमध्ये सॅटेलाइट सिस्टीम "डेमो मोड"वर राहिली आहे. कोणाला तरी यंत्र दाखवताना हे होते. ते "जीपीएस" किंवा "जीपीएस + ग्लोनास" करा.

चार उपग्रह का लागतात

अक्षांश, रेखांश, उंची या तीन गोष्टी काढायला तीन उपग्रह पुरावेत असे वाटते. पण यंत्राचे घड्याळ साधे असते आणि एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. ती वेळेची चूक हे चौथे अज्ञात, म्हणून चौथा उपग्रह. तीनच मिळाले तर यंत्र उंची आधीचीच धरून चालते आणि पडद्यावर "टूडी" लिहून येते. पठारावर हे खपते. पण पायथ्याची ६०० मीटर उंची धरून ठेवलेली असताना तुम्ही १४०० मीटरवर असाल, तर आडव्या जागेतही शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. डोंगरात "टूडी" दिसत असताना वेपॉइंट (यंत्रात जपलेली जागेची खूण) नोंदवू नका.

कडा कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचे

ही गोष्ट मेन्यूच्या माहितीपुस्तकात सापडत नाही, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्याला तीच सगळ्यात उपयोगी. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, म्हणजे कोणताही उपग्रह ५५ अंश अक्षांशाच्या वर जातच नाही. १९ उत्तर अक्षांशावरून पाहिले तर बरोबर उत्तरेकडे, क्षितिजापासून साधारण ४४ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात जीपीएस उपग्रह कधीच येत नाही. सॅटेलाइट पेजवर उत्तरेला रिकामा चंद्रकोरीसारखा भाग दिसतो, तो यंत्राचा दोष नव्हे.

याचा अर्थ असा, की कडा तुमच्या उत्तरेला असेल तर फारसे नुकसान नाही. तिथे तसेही काही नव्हते. कडा दक्षिणेला असेल तर मात्र भरलेले आकाश झाकले जाते. कोकणातून वर चढताना पूर्वेकडची भिंत पूर्ण अर्धे आकाश खाते, आणि उरलेले सगळे उपग्रह पश्चिमेला गोळा होतात. अशा वेळी पट्ट्या सहा-सात भरलेल्या असल्या तरी पूर्व-पश्चिम दिशेतली चूक फुगते. विखुरलेले पाच उपग्रह एका कोपऱ्यातल्या आठांपेक्षा चांगले. काही यंत्रांत हा विखुरलेपणा एचडीओपी या आकड्यात दिसतो: २ च्या खाली उत्तम, ५ च्या वर गेला की जागा फक्त अंदाजाला घ्यावी.

ग्लोनासच्या कक्षा जवळपास ६५ अंश कललेल्या आहेत, त्यामुळे उत्तरेकडचा रिकामा भाग थोडा भरतो. दरीत किंवा दाट झाडीत ग्लोनास चालू ठेवा. मोकळ्या पठारावर बंद ठेवून बॅटरी वाचवली तरी चालते.

सांधण दरीसारख्या अरुंद घळीत दुखणे आणखी वेगळे आहे. तिथे डोक्यावर आकाशाची एक चीर उरते, आणि यंत्राला मिळणारे बरेचसे सिग्नल समोरच्या भिंतीवर आपटून आलेले असतात. आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता धरतो, म्हणून उपग्रह आहे त्यापेक्षा दूर भासतो आणि जागा सरकते. वाईट हे, की पडद्यावरचा "± ८ मीटर" हा आकडा उपग्रहांची मांडणी आणि सिग्नलची ताकद यांवरून बांधलेला अंदाज असतो, आपटण्याची चूक त्याला दिसत नाही. घळीत ± ८ वाचून प्रत्यक्षात ४० मीटर चुकणे सहज शक्य आहे. तिथल्या ट्रॅकवर (यंत्राने नोंदलेल्या चालीच्या वाटेवर) भरवसा ठेवू नका. घळीच्या तोंडाशी आणि बाहेर पडल्यावर वेपॉइंट घ्या आणि मधला रस्ता नकाशावर हाताने जोडा.

पकडायची पद्धतही बघा. ईट्रेक्ससारख्या चपट्या यंत्रांत अँटेना आडवी असते, म्हणून पडदा आकाशाकडे करून धरावे. वर शेंडी आलेल्या जीपीएसमॅपसारख्यात ती उभी असते, म्हणून यंत्र उभे धरावे. गळ्यात लटकवून पोटावर ठेवले की तुमचे शरीर अर्धे आकाश अडवते. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला, ही सर्वांत चांगली जागा. गाडीत डॅशकॅम किंवा हलक्या प्रतीचा यूएसबी चार्जर शेजारी असेल तर तो काढून एकदा पट्ट्या पाहा. काही चार्जर आणि कॅमेरे नेमका याच लहरींत गोंगाट करतात.

गगन, आणि संध्याकाळचा घोळ

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची गगन ही दुरुस्ती सेवा विमानांसाठी उभी राहिली, पण सिग्नल सगळ्यांना खुला आहे. यंत्रात ही सोय "वास/ईग्नॉस" (अमेरिका आणि युरोपच्या अशाच सेवा) या नावाने असते. ती चालू करा. मग पडद्यावर ४०, ४१ असे क्रमांक दक्षिण बाजूला दिसतात. हे भूस्थिर उपग्रह असल्यामुळे जागचे हलत नाहीत. दुरुस्ती लागू झाली की बाकीच्या पट्ट्यांवर इंग्रजी "डी" अक्षर येते. दक्षिणेकडे डोंगर असेल तर "डी" येणार नाही, आणि त्यात बिघाड काही नाही.

महाराष्ट्रात या दुरुस्तीची गरज युरोपपेक्षा जास्त आहे. विषुववृत्ताजवळच्या भागात आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) दाट आणि अस्थिर असते. सूर्यास्तानंतर, साधारण संध्याकाळी सात-साडेसातपासून मध्यरात्रीपर्यंत, त्यात बुडबुडे तयार होतात आणि त्यांच्यातून येणारा सिग्नल लुकलुकतो. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात हे जास्त, आणि सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत आणखी जास्त. उघड्या मैदानावर, निरभ्र रात्री, भरलेल्या पट्ट्या अचानक एकेक करून पडतात आणि काही मिनिटांनी परत येतात, असे दिसले तर यंत्र दुरुस्तीला टाकू नका. सकाळी त्याच जागी पुन्हा पाहा. नेमकी नोंद हवी असेल तर ती दिवसा घ्या.

ढग आणि पाऊस यांना मात्र उगाच दोष दिला जातो. १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर पावसातून सहज येते. पावसाळ्यात रिसेप्शन ढासळते ते ओल्या, घट्ट झालेल्या पानांमुळे आणि यंत्र दोन पिशव्यांच्या आत, सॅकच्या तळाशी गेल्यामुळे.

नाविक या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेबद्दलही वारंवार विचारणा होते. नाविकच्या पहिल्या पिढीतले उपग्रह एल-५ आणि एस या लहरींच्या पट्ट्यांतच (फ्रीक्वेन्सी बँडमध्ये) बोलतात. एल-१ पट्टा, म्हणजे वरची १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर, असलेला पहिला उपग्रह, एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ ला गेला. फक्त एल-१ ऐकणाऱ्या जुन्या यंत्रात कुठलेही सॉफ्टवेअर टाकून नाविक येणार नाही.

आकडा बरोबर, जागा चुकीची

एकच ठिकाण तीन पद्धतींनी लिहिता येते:

१९° ३६.५००′
१९° ३६′ ३०.०″
१९.६०८३३°

पहिल्या ओळीतला ".५००" म्हणजे अर्धे मिनिट, म्हणजे ३० सेकंद. तो ५० सेकंद समजून भरला की २० सेकंदांची चूक होते. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर, म्हणजे तुम्ही सहाशे मीटरहून जास्त लांब गेलात. आणि पहिली ओळ "१९.३६५" अशी अंशांत भरली तर चूक जवळजवळ २७ किलोमीटरची. बचावपथकाला फोनवर जागा सांगताना हीच गफलत सर्वांत महागात पडते. म्हणून आकडे सांगताना "अंश", "मिनिटे", "दशांश" हे शब्द मोठ्याने उच्चारा, आणि गटातल्या सगळ्या यंत्रांचे पोझिशन फॉरमॅट निघण्याआधी एकच ठेवा. मोबाइलच्या नकाशांशी देवाणघेवाण असेल तर दशांश अंश, पाच घरांपर्यंत. पाचवे घर म्हणजे साधारण एक मीटर.

यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) वापरत असाल तर ७८ रेखांशाची रेघ लक्षात ठेवा. तिच्या पश्चिमेचा महाराष्ट्र ४३ व्या झोनमध्ये, पूर्वेचा विदर्भ ४४ व्या. अमरावती शहर ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, आणि यवतमाळ जिल्ह्यातून तर ही रेघच जाते. ती ओलांडताना पूर्वेकडचा आकडा सुमारे ८,१३,००० वरून एकदम १,८७,००० वर येतो. यंत्र बिघडलेले नसते, झोन बदललेला असतो. गोव्यात झोन ४३ च, पण १६ अक्षांशाच्या दक्षिणेला असल्यामुळे झोनच्या आकड्यापुढचे अक्षर क्यूऐवजी पी.

डेटमचा प्रश्न भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर उभा राहतो. त्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती रूपावर) आखलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर चालते. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंतला फरक सव्वाशे मीटरच्या आसपास भरतो. जुन्या शीटवरून पाण्याच्या टाक्याचा अक्षांश-रेखांश काढून तसाच भरला, की टाके खऱ्या जागेच्या आग्नेयेकडे सरकते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. शीटच्या समासात डेटम छापलेला असतो, तो वाचा. यंत्राचा डेटम मात्र कायम डब्ल्यूजीएस ८४ असू द्या. जुन्या शीटवरचे बिंदू भरायचे असतील तर तेवढ्यापुरता बदला आणि काम झाले की लगेच परत फिरवा, नाहीतर पुढच्या ट्रेकला दुसऱ्याच कोणाला तरी हा सरकलेला आकडा मिळतो.

उंची

उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा दीडपट ते दुप्पट ढिली असते, कारण सगळे उपग्रह वरच असतात, जमिनीखालून मोजायला कोणी नाही. त्यातच दोन वेगळ्या "शून्य" पातळ्यांचा घोळ आहे. मुंबईच्या आसपास समुद्राची सरासरी पातळी ही गणितातल्या गोलाभाच्या सुमारे ६५ मीटर खाली आहे. हातातली यंत्रे ही दुरुस्ती आपोआप करतात, पण मोबाइलवरची काही ॲप करत नाहीत. अलिबागच्या किनाऱ्यावर उणे ६० मीटर दिसते ते त्यामुळे.

ज्या यंत्रात हवेच्या दाबाचा सेन्सर आहे, ते कळसूबाईच्या १६४६ मीटरवर मुक्कामाला ठेवले तरी दिवसभर उंची बदलत राहील. आपल्या अक्षांशांत दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कल. एका हेक्टोपास्कलला साडेआठ-नऊ मीटर धरले तर बसल्या जागी २५ ते ३५ मीटर. ज्ञात उंचीच्या ठिकाणी, पायथ्याला आणि माथ्यावर, उंची हाताने भरून जुळवून घ्या.

उभे असताना बाण फिरतो, तारीख जुनी दिसते

कंपास नसलेल्या यंत्राला दिशा कळते ती चालल्यावरच. उभे राहिलात की बाण भरकटतो आणि ट्रॅकवर नूडल्ससारखा गुंता होतो. दहा-पंधरा पावले सरळ चाला आणि मग बाण वाचा. कंपास असलेल्या यंत्रात सेल बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, आणि तो करताना मोबाइल व चुंबकाचे बकल दूर ठेवा.

जागा बरोबर पण तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे, हे जुन्या यंत्रांत दिसते. जीपीएस आठवडे मोजते आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येते. शेवटचे शून्य ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झाले, पुढचे नोव्हेंबर २०३८ मध्ये. निर्मात्याने नवे फर्मवेअर (यंत्राचे आतले सॉफ्टवेअर) दिले असेल तर ते टाका. नसेल तर जागेसाठी यंत्र अजून वापरता येते, पण ट्रॅकवरच्या तारखा दुरुस्त कराव्या लागतील.

बांधाची मोजणी

गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा मीटर गुणिले दहा मीटर. ज्या यंत्राचा प्रत्येक कोपरा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो, त्याने गुंठा मोजणे चूक आहे. दहा एकरांच्या फळबागेचा ढोबळ अंदाज, विहिरीची किंवा बोअरची जागा, इतक्यासाठी ते ठीक. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर यातला एकही आकडा पुढे करू नका. भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत वापरतात ते रोव्हर स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरमध्ये जागा काढतात.

एकाच बिंदूची नोंद सुधारायची असेल तर "वेपॉइंट ॲव्हरेजिंग" वापरा. सलग दहा मिनिटे घेतलेल्या नोंदीपेक्षा दीड-दीड तासाच्या अंतराने घेतलेल्या चार ते आठ नोंदी खूप चांगल्या, कारण तेवढ्यात उपग्रहांची मांडणी बदलते आणि चुका एकमेकींना खोडतात.

खरोखर बिघाड आहे का

हे सगळे तपासूनही शंका उरली, तर उघड्या मैदानावर, सकाळी, तसेच दुसरे चालू यंत्र शेजारी दोन-तीन फुटांवर ठेवून पंधरा मिनिटे थांबा. दुसऱ्यावर आठ-दहा भरलेल्या उंच पट्ट्या आणि तुमच्यावर तीन-चार बुटक्या, असे असेल तर अँटेना किंवा तिचा जोड सुटला आहे; यंत्र पडल्यानंतर हे होते. दोन्हींवर सारख्याच पट्ट्या असतील तर दोष सेटिंगमध्ये. फॅक्टरी रिसेटला हात लावण्याआधी वेपॉइंट आणि ट्रॅकच्या जीपीएक्स फाइल संगणकावर उतरवून घ्या, काही यंत्रांत त्या पुसल्या जातात. रिसेटनंतर पुन्हा १२.५ मिनिटांचा तो आराखडा उतरवावा लागेल, म्हणून हे काम ट्रेकच्या सकाळी नको, आदल्या दिवशी गच्चीवर करा.